‘सोडायचा विचार नाही’ म्हणजे निष्ठा का?

वाहन उद्योगातल्या कामगारांची बांधिलकी मोजायची म्हटलं की आपण संशोधक हमखास मेयर आणि ॲलन यांची प्रश्नावली उचलतो. १९९१ मध्ये या दोघांनी बांधिलकीचे तीन भाग मांडले: संस्थेविषयी मनापासूनची ओढ, सोडल्यास होणाऱ्या नुकसानीचा हिशेब, आणि ‘सोडणं बरं नव्हे’ ही कर्तव्यभावना. मांडणी मला पटते. माझ्या प्रबंधातही तीच आहे. पण आपल्या जालन्याकडे ती जशीच्या तशी लावली की अडचण येते.

बघा, जालना–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर शेंद्रा एमआयडीसी आहे. शहराच्या पलीकडे वाळूज, तिथे १९८५ पासून बजाजचा कारखाना. वाहनं आणि सुटे भाग बनवणाऱ्या या पट्ट्यात बदनापूरकडची पोरंही कामाला जातात. प्रश्नावली भरून घेताना एकाने मला विचारलं, “सर, कंपनी म्हणजे कोणती? गेटवर नाव आहे ती, की पगार देणारा ठेकेदार?” प्रश्नावलीत याला जागाच नाही. तिने एकच मालक गृहीत धरलाय.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. ‘नोकरी सोडण्याचा इरादा’ मोजताना सोडणं कामगाराच्या हातात आहे असं आपण धरून चालतो. ज्याचा ठेका काही महिन्यांनी आपोआप संपणार, त्याने ‘इरादा नाही’ वर खूण केली, तर ती निष्ठा की नाइलाज? डोक्यावर कर्ज असलेला माणूस टिकून राहतो, तेव्हा तो दुसऱ्या भागात मोडतो, पहिल्यात नाही. तिन्हींची एकच सरासरी काढली की हा फरक पुसला जातो. मग अहवालात ‘कामगार समाधानी’ असं छापून येतं आणि कायम करण्याचा विषय मागे पडतो.

तिसरं, हंगाम. घरी दोन एकर कपाशी असलेला कामगार वेचणीच्या दिवसांत वेगळं उत्तर देईल, उन्हाळ्यात वेगळं. एकदाच घेतलेल्या सर्वेक्षणात हे कसं दिसणार?

म्हणून प्रश्नावली फेकून द्या असं मी म्हणत नाही. कायम आणि ठेक्यावरचे कामगार वेगळे मोजा, तीन भागांचे गुण वेगळे दाखवा, वर्षातून दोनदा विचारा. आणि शेवटी एक साधा प्रश्न मोकळा ठेवा: “तुम्ही इथे का थांबलात?” पुढच्या वेळी एखाद्या शोधनिबंधात ‘बांधिलकी उच्च’ वाचलंत, तर आधी हे बघा, हा प्रश्न विचारला होता का?