‘विकले गेले’ म्हणण्याआधी नीट ऐका
मेटॅलिकाच्या चाहत्यांमधला सगळ्यात जुना वाद दोन शब्दांत मावतो: ‘विकले गेले’. १९९१चा ‘ब्लॅक अल्बम’ आला, गाणी आटोपशीर झाली, वेग उतरला आणि थ्रॅशवाल्यांनी निकाल देऊन टाकला. १९९६च्या ‘लोड’च्या वेळी तर बँडने कापलेले केसही पुरावा ठरले.

ही टीका मला पोकळ वाटते. संथ सुरुवातीचं ‘फेड टू ब्लॅक’ १९८४मध्येच आलं होतं. शिवाय एकदा नियतीवर संशय घेतला की गाणं ऐकायची गरजच उरत नाही.

पण हेच चाहते कानांवर भिस्त ठेवतात, तेव्हा भले भले समीक्षक मागे पडतात. १९८८च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये जेसन न्यूस्टेडचा बास जेमतेम ऐकू येतो. चाहत्यांनी बास वाढवलेली स्वतःची मिक्स बनवली. २००८चा ‘डेथ मॅग्नेटिक’ इतका चढवून मास्टर केला होता की आवाज फाटायचा. ‘गिटार हीरो’ गेममधली तीच गाणी मोकळी वाजत होती. लोकांनी दोन्हींचे वेव्हफॉर्म शेजारी ठेवले आणि रीमास्टरची मागणी केली.

२००३च्या ‘सेंट अँगर’मधला स्नेअर मात्र वेगळा. डबा बडवल्यासारखा वाजतो, त्यावरून चेष्टाही भरपूर झाली. तरी तो त्या अल्बममधल्या चिडचिडीला शोभतो, कारण ती बँडची निवड होती. ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये चांगली गाणी नुसत्या आवाजाखाली चिरडली गेली.

बदलाला विरोध जरूर करावा. फक्त नेमकं काय खटकलं, ते बोट ठेवून सांगता यायला हवं.