‘मजबूत’ कन्व्हर्टर: एका शब्दात तीन दावे

टीकात्मक वाचनाचा सराव फक्त जर्नलमधल्या पेपरांवरच करावा असं काही नाही. आज मी मुद्दाम वेगळं लिखाण घेतलंय: अमेरिकेतल्या मोटारवेड्यांचे ‘आधी आणि नंतर’ अहवाल. साचा ठरलेला असतो. समजा, 2010 ची ऑटोमॅटिक कॅमारो एसएस. 6.2 लिटरचं व्ही-8 इंजिन, 400 हॉर्सपॉवर, सहा गिअरचा 6एल80 गिअरबॉक्स. मालक इंजिनावर सुपरचार्जर चढवतो, मग मूळ टॉर्क कन्व्हर्टर काढून जास्त ‘मजबूत’ बसवतो. पाव मैलाची वेळ कमी होते. निष्कर्ष: कन्व्हर्टरमुळे गाडी सुधारली.

पटतं ना? आता जरा थांबा.

आधी यंत्र समजून घेऊ. हरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने 1905 मध्ये जहाजांसाठी याचं पेटंट घेतलं. इंजिनाला जोडलेला इम्पेलर ऑइल फेकतो, त्या ऑइलने गिअरबॉक्सकडचा टर्बाइन फिरतो, आणि मधला स्टेटर परत येणाऱ्या ऑइलची दिशा वळवतो. त्यामुळे गाडी उभी असताना टॉर्क साधारण दुपटीपर्यंत वाढतो. गाडीने वेग घेतला की लॉक-अप क्लच इम्पेलर आणि टर्बाइन यांना एकत्र बांधतो, म्हणजे घसरण थांबते.

आता ‘मजबूत’ म्हणजे काय, ते विचारा. या एका शब्दात तीन वेगळे दावे लपलेत.

एक, तो तुटणार नाही. जाड कव्हर, भट्टीत ब्रेझिंग करून पक्की केलेली पाती. दाबाखाली कन्व्हर्टर फुग्यासारखा फुगला तर क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर जोर येतो. तो फुगू नये ही खबरदारी.

दोन, तो घसरणार नाही. म्हणजे लॉक-अप क्लचमध्ये एकाऐवजी दोन-तीन चकत्या, जास्त टॉर्क धरायची क्षमता.

तीन, तो सैल आहे. ऐकायला उलटं वाटेल, पण रेसिंगचे कन्व्हर्टर बहुतेकदा आकाराने लहान असतात. ते इंजिनाला जास्त आरपीएमपर्यंत चढू देतात आणि गाडी जोरात सुटते.

पाव मैलाची वेळ कमी झाली तर त्याचं श्रेय मुख्यतः तिसऱ्या गुणाला जातं. पहिल्याचा त्या वेळेशी जवळजवळ संबंधच नाही. तो महिन्यांनी, वर्षांनी कळणारा गुण आहे. तरी अहवाल एका आकड्यावरून तिन्ही गुण सिद्ध झाल्यासारखं लिहितात. तुमच्या भाषेत सांगायचं तर, मोजमाप एका गोष्टीचं आणि निष्कर्ष दुसऱ्याचा.

दुसरी गोची आकड्याचीच आहे. ‘हा 3000 स्टॉलचा कन्व्हर्टर’ असं सर्रास लिहितात, जणू तो आकडा कन्व्हर्टरवर कोरलेला आहे. तसं नसतं. कन्व्हर्टरचा स्वतःचा गुण म्हणजे के-फॅक्टर: आरपीएम भागिले टॉर्कचं वर्गमूळ. गणित करून बघा. 400 न्यूटन-मीटर देणारं इंजिन एका कन्व्हर्टरवर 2400 आरपीएमला अडलं, तर वर्गमूळ 20, के-फॅक्टर 120. तोच कन्व्हर्टर 625 न्यूटन-मीटरच्या इंजिनाला लावा: 120 गुणिले 25, म्हणजे 3000. कन्व्हर्टर तोच, ‘स्टॉल’ बदलला!

आणि गाडी उभी असताना ही सगळी शक्ती ऑइल तापवण्यात जाते. पहिल्या वेळी सुमारे 100 किलोवॉट, दुसऱ्या वेळी सुमारे 196. त्यामुळे ऑइलच्या तापमानाचा उल्लेख नसलेला अहवाल मला अपुरा वाटतो.

शिवाय मोजायच्या पद्धती दोन. कुणी ब्रेक दाबून अॅक्सिलरेटर देतो, कुणी आयडलवरून एकदम पाय देतो. पहिल्या पद्धतीत बऱ्याचदा ब्रेकच हार मानतात, चाकं फिरायला लागतात आणि आकडा कमी येतो. नाव मात्र दोन्हींना ‘स्टॉल’.

तिसरा आणि सगळ्यात गंभीर दोष: एका वेळी चार बदल. गिअरबॉक्स खाली उतरवलाच आहे, तर क्लच प्लेट नव्या, ऑइल नवं, मोठा कूलर, आणि सॉफ्टवेअरही बदललेलं. कारखान्यातलं सॉफ्टवेअर धक्के जाणवू नयेत म्हणून लॉक-अप क्लचला मुद्दाम थोडं घसरू देतं. ट्यूनर तो दाब वाढवतो. मग घसरण थांबली ती नव्या चकत्यांमुळे की नव्या दाबामुळे? अहवालातून कळायला मार्गच नाही.

हा प्रश्न नुसता तात्त्विक नाही. ‘मजबूत’ वाचून कुणी फक्त कन्व्हर्टर बदलला, तर वाढलेला टॉर्क पुढे गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचवर जातो. कमकुवत कडी फक्त जागा बदलते, आणि बिल मालकाच्या हातात येतं.

तरीही हे अहवाल मी टाकाऊ मानत नाही. ट्रॅकच्या पावतीवर एक खजिना असतो: पहिल्या 60 फुटांची वेळ वेगळी, शेवटचा वेग वेगळा. कन्व्हर्टरचा परिणाम मुख्यतः सुरुवातीला दिसायला हवा, तर शेवटचा वेग प्रामुख्याने शक्ती सांगतो. 60 फुटांची वेळ सुधारली आणि शेवटचा वेग जवळपास तसाच राहिला, तर कन्व्हर्टरचा दावा बराच टिकतो. शेवटचा वेगही चांगलाच वाढला असेल, तर ट्यूनिंग किंवा त्या दिवशीची थंड हवा यांच्यावर संशय घ्या. टायर आणि ट्रॅक तर आहेतच. लेखक ही पावती छापतात, पण बहुतेक वेळा वाचत नाहीत.

मग चांगला प्रयोग कसा असता? आधी फक्त सॉफ्टवेअर बदलून धावायचं, मग फक्त कन्व्हर्टर. प्रत्येक स्थितीत अनेक फेऱ्या, ऑइलचं तापमान ठरवून. जुना कन्व्हर्टर परत बसवून पाहणं सर्वात उत्तम, पण त्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो, म्हणून ते कुणी करत नाही. निदान तसं केलं नाही हे लिहावं तरी.

आता तुमचा स्वतःचा रिसर्च प्रपोजल उघडा. त्यात ‘चांगला’, ‘मजबूत’, ‘प्रभावी’ असा एखादा शब्द नक्की सापडेल. त्याखाली रेघ मारा आणि समासात लिहा: यात किती दावे आहेत, आणि मी त्यातला कोणता मोजणार आहे? हा प्रश्न गाइडने विचारण्याआधी तुम्हीच विचारलेला बरा.