एक नाव, दोन वस्तू : ओपनएसएसएचच्या किल्लीविषयक दस्तऐवजांची चिकित्सा

दूरस्थ सर्व्हरमध्ये सुरक्षित प्रवेशासाठी वापरला जाणारा ओपनएसएसएच हा आज्ञावलीसंच १९९९ पासून उपलब्ध आहे. त्याचे दस्तऐवज काटेकोर व मितभाषी म्हणून नावाजले जातात, आणि ते योग्यच आहे. तथापि 'एसएसएच-आरएसए' या एका संज्ञेपुरता हा काटेकोरपणा वाचकाच्या उपयोगी पडला नाही, असे दिसून येते.

वापरकर्त्याची सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरील 'ऑथराइज्ड-कीज' या फाइलमध्ये नोंदलेली असते. प्रवेशाच्या वेळी त्याचा संगणक खाजगी किल्लीने स्वाक्षरी करतो व सर्व्हर ती पडताळतो. म्हणजे किल्ली ही एक वस्तू आणि स्वाक्षरीची पद्धत ही दुसरी. एकाच बोरूने मोडीही लिहिता येते व बाळबोधही. मोडी सोडली म्हणून कोणी बोरू फेकून देत नाही. परंतु २००६ च्या मूळ प्रमाणकात आरएसए किल्लीचा प्रकार आणि 'शा-१' वर आधारित तिची स्वाक्षरी या दोहोंना 'एसएसएच-आरएसए' हे एकच नाव मिळाले. २०१८ मध्ये 'शा-२' वर आधारित नव्या स्वाक्षऱ्यांना स्वतंत्र नावे देण्यात आली. किल्लीचे नाव मात्र जुनेच राहिले.

या संदिग्धतेची किंमत पुढे मोजावी लागली. 'शा-१' वरील हल्ला पन्नास हजार डॉलरांहून कमी खर्चात शक्य झाल्याने 'एसएसएच-आरएसए' स्वाक्षरी लवकरच बंद होईल, अशी सूचना फेब्रुवारी २०२० च्या ८.२ आवृत्तीसोबत देण्यात आली. विधान तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होते. पण ज्याच्या फाइलमधील प्रत्येक ओळ याच शब्दाने सुरू होते, त्या व्यवस्थापकाने आपली किल्लीच बाद झाली असे समजावे, यात नवल ते काय? गैरसमज येथेच थांबला तर निदान नवी किल्ली तयार होते. मात्र हाच व्यवस्थापक सर्व्हरच्या मांडणी-फाइलमध्ये 'अधिक एसएसएच-आरएसए' अशी ओळ घालून मोकळा झाला, तर किल्ली वाचविण्याच्या समजुतीने तो दुबळी स्वाक्षरी सर्वांसाठी पुन्हा खुली करतो.

मार्च २०२१ च्या ८.५ आवृत्तीत 'पबकी-ॲक्सेप्टेड-की-टाइप्स' या सूचकाचे नाव बदलून 'पबकी-ॲक्सेप्टेड-अल्गोरिदम्स' असे करण्यात आले. 'किल्लीचे प्रकार' जाऊन 'पद्धती' आल्या. परिच्छेदभर स्पष्टीकरणाने जे साधले नसते ते या एका शब्दाने साधले. फक्त ते वर्षभर आधी व्हावयास हवे होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ८.८ आवृत्तीत ही स्वाक्षरी मूलतः बंद झाली, तेव्हा बहुतेकांना किल्ल्या बदलण्याची गरज नाही, असेही स्पष्टपणे नमूद केले गेले.

तरीही त्याच टिपणात जुन्या सर्व्हरांसाठी दुसऱ्या प्रकारची किल्ली वापरण्याचा सल्ला येतो. जे सर्व्हर नवी स्वाक्षरी जाणतच नाहीत त्यांच्यापुरता तो रास्त आहे. पण ही मर्यादा का, हे तेथे उलगडून सांगितलेले नाही. घाईने वाचणाऱ्याच्या मनात किल्ली आणि स्वाक्षरी यांची सरमिसळ तेथे पुन्हा होते.