तळावरची सही

काचेची फुलदाणी हातात आली की संग्राहक आधी ती उलटी करतात. तळावर सही कुणाची? मला ही सवय खटकते.

स्टुडिओ ग्लासची गोष्ट अशी सांगतात: १९६२ साली अमेरिकेत, टोलेडोच्या कला संग्रहालयात हार्वी लिटलटन या सिरॅमिक्सच्या प्राध्यापकाने छोटी भट्टी लावली आणि काच कारखान्यातून सुटून एकट्या कलाकाराच्या हातात आली. गोष्ट छान आहे. पण तिथे काच नीट वितळली ती डॉमिनिक लबिनोंनी दिलेल्या फायबरग्लासच्या गोट्यांमुळे, आणि ती फुंकायची कशी हे दाखवलं हार्वी लीफग्रीन या निवृत्त कारखाना-कारागिराने. मग एकटा होता कोण?

डेल चिहुलींची १९७६ च्या अपघातात डाव्या डोळ्याची दृष्टी गेली, १९७९ मध्ये खांदा निखळला. त्यानंतर फुंकणी इतरांच्या हाती. १९८८ च्या ‘व्हेनेशियन्स’ फुलदाण्यांमागे मुरानोच्या लिनो टालियापिएत्रांचा हात होता. ते स्वतःच नामवंत, म्हणून ठाऊक तरी आहेत. यात फसवणूक नाही, काचकाम टीमनेच होतं. पण बाकीच्यांचं काय? सिनेमात स्पॉटबॉयचंही नाव येतं. तळावर जागा नसते, मान्य. कॅटलॉगात तर असते ना?