मुष्टियुद्धाचे साक्षी : तीन कृतींचा विचार

इंग्लंड-आयर्लंडमधील भटक्या समाजांत उघड्या मुठींनी चालणाऱ्या द्वंद्वाचा उल्लेख बहुधा ‘गुप्त जग’ या शब्दांनी केला जातो. प्रस्तुत टिपणात हे विशेषणच तपासून पाहावयाचे आहे. त्यासाठी जॉर्ज बॉरोचा ‘लॅव्हेंग्रो’ (१८५१) हा ग्रंथ, मायकी वॉल्श या टोपणनावाने प्रसिद्ध झालेले ‘जिप्सी बॉय’ (२००९) हे आत्मकथन व इयन पामरचा ‘नकल’ (२०११) हा अनुबोधपट, या तीन कृती घेतल्या आहेत.

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. बॉरो व वॉल्श यांचा संबंध रोमानी समाजाशी आहे, तर पामरचा आयरिश ट्रॅव्हलर समाजाशी. रोमानी ही भारतीय आर्यकुळातील भाषा असून तिच्यातील ‘नख’, ‘कन’, ‘मनुष’ हे शब्द नाक, कान, माणूस यांचे सगोत्र म्हणून मराठी वाचकास सहज ओळखता येतील. आयरिश ट्रॅव्हलर मात्र मूळचे आयर्लंडचेच. दोहोंना एकाच नावाखाली आणणे सोयीचे असले तरी शास्त्रशुद्ध नव्हे.

बॉरोच्या तारुण्यात मुष्टियुद्ध मुळीच गुप्त नव्हते. कायद्याची वक्रदृष्टी असूनही हजारोंचा जमाव लोटे आणि उमराव पैजा लावीत. पुढे १८६७ मध्ये हातमोज्यांचे क्वीन्सबेरी नियम प्रसिद्ध झाले. १८८२ मध्ये इंग्लिश न्यायालयाने, लढणाऱ्यांची संमती असली तरी असे द्वंद्व हा गुन्हाच, असा निर्णय दिला. तात्पर्य, ही गुप्तता कोणत्याही जमातीचा स्वभावधर्म नव्हे. बहुजनसमाजाने टाकून दिलेली प्रथा जेथे टिकली तेथे ती आडोशाला गेली, इतकेच.

‘लॅव्हेंग्रो’मध्ये फ्लेमिंग टिनमनशी झालेली झुंज प्रसिद्ध आहे, परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने जास्पर पेट्युलेंग्रोशी झालेली लहानशी लढत अधिक महत्त्वाची. सासूच्या मृत्यूबद्दल जास्परला मित्राशी लढणे भाग आहे. रक्त निघते, ऋण फिटते आणि मैत्री पूर्ववत होते. द्वंद्व येथे कलहाचा पूर्णविराम आहे. बॉरोचे हे चित्र मनोहर आहे, आणि त्याचा दोषही तोच : वेदनेची किंमत कोणी मोजली, हे तो विचारीत नाही.

पामरने सुमारे बारा वर्षे क्विन मॅकडोना, जॉइस व नेव्हिन या घराण्यांतील वैराचे चित्रण केले. तेथील नियम कडक आहेत. तटस्थ घराण्यातील पंच असतात. चावणे वा पडलेल्यास मारणे निषिद्ध. एकाने हार मानली की लढत संपते. एवढी न्यायबुद्धी असूनही वैर संपत नाही. कारण आव्हाने चित्रफितींवरून धाडली जातात आणि पराभवाची फीत पुन:पुन्हा पाहिली जाते. पूर्वी पराभव स्मृतीत विरत असे. येथे तो जतन होतो. पंच द्वंद्व मिटवितो, कॅमेरा ते जागते ठेवतो. आपणही या झुंजींच्या मोहात सापडलो, ही पामरची कबुली म्हणूनच चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक जागा होय. तथापि लढतींना जेवढा अवकाश मिळाला, तेवढा या रीतीला कंटाळलेल्या स्त्रियांच्या बोलण्यास मिळालेला नाही.

ही उणीव ‘जिप्सी बॉय’ भरून काढते. घराण्याच्या कीर्तीसाठी बालवयातच बाप मुलाला मारझोडीने लढवय्या बनवू पाहतो. मुलगा त्या साच्यात बसत नाही आणि किशोरवयातच घर सोडतो. पंच, नियम, पैज यांच्या आधीचे हे दृश्य अन्य दोन कृतींत जवळजवळ अदृश्य आहे. मराठीत लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) भटक्यांच्या जीवनाविषयीचे बाहेरचे कुतूहल निरर्थक ठरविले होते, आतून आलेल्या साक्षीचे तेच सामर्थ्य येथे प्रत्ययास येते. मात्र एका कुटुंबाची व्यथा हे संपूर्ण समाजाचे लक्षण मानणे हा वाचकाचा अपराध ठरेल, लेखकाचा नव्हे.

तेव्हा ‘गुप्त’ काय आहे? द्वंद्व नव्हे, त्याला साक्षीदार, पंच व प्रेक्षक लागतातच. खरोखर झाकले गेले आहे ते द्वंद्वापूर्वीचे बालपण आणि द्वंद्वानंतरचे घर. या विषयावरील पुढील लेखनाचे मूल्य ठरविताना त्याने मूठ किती जवळून दाखविली यापेक्षा या दोन स्थळी ते पोहोचले की नाही, हीच कसोटी लावावी लागेल.