खडकांवरचे ठिपके: ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चा डेटा वाचताना

सागरी जिवांवर संशोधन करायचं ठरवलं की तुमच्यापैकी बरेच जण आधी तयार डेटा शोधता. मुंबईच्या किनाऱ्याचा म्हटलं की नाव निघतं ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चं. हा उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. उधाणाची ओहोटी गाठून हाजीअली, गिरगाव, जुहूच्या खडकांवर उतरायचं, डबक्यात दिसेल त्या जिवाचा फोटो काढायचा आणि तो आयनॅचरलिस्टवर टाकायचा. पेराएवढ्या समुद्री गोगलगायी, झोअँथिड, स्पंज, प्रवाळ, सगळं त्यात आहे. ‘इथल्या गढूळ पाण्यात काय असणार?’ हा प्रश्न या लोकांनी बंद केला, आणि हे काम छोटं नाही.

पण प्रबंधात वापरण्याआधी हा डेटा नीट तपासा. ओळखीचा मुद्दा तसा सोपा आहे. दोन जणांचं एकमत झालं की नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ शिक्का मिळू शकतो. खेकड्यासाठी हे बऱ्याचदा चालून जातं. स्पंजची जात मात्र सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या काट्या बघितल्याशिवाय सहसा ठरत नाही, फोटो कितीही सुंदर असो. दोघांनी एकच चूक केली तरी शिक्का बसतोच.

माझा खरा आक्षेप ‘नाही’बद्दल आहे. टास्मानियात २००७ मध्ये सुरू झालेलं ‘रीफ लाइफ सर्व्हे’ बघा. तिथेही पाणबुडे बरेचसे स्वयंसेवकच. पण ते ५० मीटरची टेप टाकतात, तिच्या दोन्ही बाजूंचा एक-एक मीटरचा पट्टा कपारींसकट धुंडाळून लहान मासे आणि अपृष्ठवंशी प्राणी मोजतात, खोली आणि पाण्याची दृश्यता लिहितात. त्यामुळे एखादा जीव त्यांच्या तक्त्यात नसेल, तर तो शोधूनही सापडला नाही असं म्हणता येतं. फोटोंच्या नकाशावर ठिपका नसेल तर काय म्हणाल? जीव नव्हता, की माणूसच गेला नव्हता?

हे नुसतं पद्धतीचं भांडण नाही. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये येतात, म्हणूनच कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजीअलीचे प्रवाळ २०२० मध्ये परवानगी घेऊन हलवावे लागले. तिथे बघणारे होते. मी राहते सातिवलीत. इथून अर्नाळा, कळंबच्या किनाऱ्याला जायचं तर अख्खं वसई-विरार ओलांडावं लागतं, आणि हौशी गट लोकलने सोयीचे खडक आधी गाठतात (मीही तेच करते). उद्या कुठल्या प्रकल्पाच्या अहवालात ‘या किनाऱ्यावर प्रवाळ नाहीत’ असं आलं, तर ते पाहून लिहिलंय की ठिपका नाही म्हणून लिहिलंय, हे विचारणार कोण?

आपल्याकडे पाणी इतकं गढूळ की टेप टाकून डायव्हिंग मालवणकडेच जमेल. इथे एक मीटरची चौकट खडकावर ठेवा. किती जण होतात, किती मिनिटं बघितलं, हे लिहा. काहीच सापडलं नाही तरी ती चौकट शून्यासकट नोंदवा. आणि तिथी लिहायला विसरू नका. अष्टमीच्या आसपास, भांगाला, पाणी फारसं ओसरत नाही, खालचे खडक उघडेच पडत नाहीत. त्या दिवशीचा शून्य वेगळ्या रकान्यात.