बक्षीचें दफ्तर आणि मन्सबदारांची गणती

दक्षिणेंतील मोगल चाकरीविषयीं लिहूं जाणारास एम्. अतहर अली यांचा औरंगजेबकालीन उमरावांवरील इ. स. १९६६ चा इंग्रजी ग्रंथ प्रथम उघडावा लागतो. त्याची योग्यता आम्हांस सर्वथैव मान्य आहे. परंतु त्यांतील एका गणतीवरून काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, याची तपासणी अवश्य वाटते.

ग्रंथकर्त्यानें एक हजार जात व त्यावरील मन्सबदारांच्या दोन याद्या केल्या आहेत. १६५८ ते १६७८ या काळांत असामी ४८६, पैकीं मराठे २७. १६७९ ते १७०७ या काळांत असामी ५७५, पैकीं मराठे ९६. म्हणजे प्रमाण शेंकडा साडेपांचावरून सुमारें सतरांवर गेलें. यावरून मोगलांचा दर सहावा चाकर मराठा होता, असें म्हणण्याचा मोह होतो. तें टिकणारें नाहीं. एक तर पहिली यादी २१ वर्षांची, दुसरी २९ वर्षांची. त्या त्या काळांत केव्हांही ती पायरी गाठलेले सर्व तींत एकत्र आले आहेत. अमुक दिवशीं प्रत्यक्ष चाकरींत किती, हें त्यावरून निघत नाहीं. दुसरें, हजारांखालील मन्सबदार आणि सर्वांचे स्वार या गणतीबाहेर आहेत. स्थालीपुलाकन्याय तेथेंच लागू पडतो, जेथें सर्व तांदुळांस सारखीच आंच लागलेली असते. येथें शितें केवळ वरचीं घेतलेलीं आहेत. ही मर्यादा ग्रंथकर्त्यानें लपविलेली नाहीं. दोष उतावळ्या वाचकाचा.

खालच्या थराचा शोध बक्षीच्या दफ्तरांतच लागावयाचा. नेमणुकीची शिफारस, हजेरी व घोड्यांचा दाग बक्षीकडे. जागीर व वेतनाचा हिशेब दिवाणाकडे. एकाचा दाखला दुसऱ्यास आवश्यक, म्हणून लबाडीस आळा. दागाची पद्धति अकबरानें १५७३-७४ च्या सुमारास सुरू केली. चेहऱ्याच्या कागदांत स्वाराचें व त्याच्या बापाचें नांव, वर्ण, कपाळ, डोळे, तीळ, जखमेचा वण आणि घोड्याचा रंग व खूण नोंदलेली असे. मलिक अंबरानें १६१० मध्यें वसविलेली खडकी १६५३ पासून औरंगाबाद या नांवें दक्षिणेच्या कारभाराचें मुख्य ठाणें झाली. तेंच आजचें छत्रपती संभाजीनगर. येथील किल्ले अर्कांतील मोगल दफ्तर विसाव्या शतकांत हैदराबादेस गेलें. त्यांतील निवडक शाहजहानकालीन कागद युसुफ हुसेन खान यांनीं १९५० मध्यें संपादून प्रसिद्ध केले.

मोठ्या शिक्क्याची सनद जपावी आणि चेहऱ्याचा चिटोरा रद्दींत टाकावा, ही संग्राहकांची रीत आम्हांस घातक वाटते. सनदेंतला सरदार तवारिखांतही भेटतो; कपाळावर वण असलेल्या स्वाराचें नांव त्या चिटोऱ्यावांचून अन्यत्र कोठेंच नसतें. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं तारीख, नांव, गांव व घोड्याची खूण जशीच्या तशी उतरून मंडळाकडे पाठवावी. अशा नोंदी पुरेशा जमल्यावरच मराठा चाकरांच्या प्रमाणाविषयीं निर्णय करणें युक्त होईल.